कॉफी नको म्हटल्याचं भांडण

आमच्या भागात कोणाच्या घरी जाऊन तुम्ही काही न घेता उठून आलात, तर त्याचा अर्थ गावाला समजावून सांगावा लागत नाही. भांडण झालं. मग तुमचं पोट भरलेलं असो, उपास असो, नाहीतर सकाळीच दाढ काढलेली असो. पाणी तरी प्यायचं, गुळाचा खडा तरी तोंडात टाकायचा. साखरेचा आजार असलेली माणसंसुद्धा बशीत चहा ओततात, एक घोट घेतात आणि कप हळूच बाजूला सारतात. पण घेतात. 'आम्ही त्यांच्याकडे पाणी पीत नाही' एवढं वाक्य कोणी बोललं की पुढे एकच विचारायचं राहतं, बांधावरून की विहिरीवरून.

हे सगळं मला माहीत होतं. बासष्ट वर्षं याच मातीत काढली, माहीत नसायला काय झालं? तरी मी जे करायचं ते केलंच.

त्या वेळी माझं वजन किती होतं ते मी इथे लिहिणार नाही. सहा आसनी रिक्षावाला मला बघितलं की पाचच माणसं घ्यायचा, एवढं पुरे. गुडघे कामातून गेले होते, साखर वाढलेली होती, आणि गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, आधी वजन कमी करा, मग गुडघ्यांचं बघू. कमी करा म्हणणं सोपं असतं. मी भात सोडला, भाकरी सोडली, एकदा तर सलग नऊ दिवस नुसत्या काकड्या खाल्ल्या. दहाव्या दिवशी घावने केले आणि सोडलेलं सगळं परत धरलं.

लेक कोल्हापूरला दिलेली. तिने तिकडे एक डॉक्टर शोधून काढले. मला म्हणाली, "आई, दुर्बिणीतून करतात. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात. उरेल तेवढ्यात भागवायचं."

मी म्हटलं, "आयुष्यभर उरेल त्यातच भागवलंय, मला त्यात काय नवीन?"

ती हसली नाही. म्हणाली, "आई, मला तू अजून वीस वर्षं हवी आहेस." अशा वाक्यावर आईने काय बोलायचं? गेले मी.

पण गावात सांगायचं काय? पोटाला मिळत नाही म्हणून कोणी रडलं तर लोक समजून घेतात. पोटाला कमी जावं म्हणून एखादी बाई पोटच कापून घेते, हे ऐकल्यावर वाडीतल्या बायका विहिरीवर किती दिवस हसल्या असत्या, देव जाणे. तेव्हा मी आणि आमच्या ह्यांनी ठरवलं, पित्ताचे खडे सांगायचे. ह्यांच्याकडून मी चार वेळा घोकून घेतलं. तरी ह्यांनी अर्ध्या गावाला पित्ताचे खडे सांगितले आणि उरलेल्या अर्ध्याला मुतखडा. दोन्ही अर्धे एकमेकांना भेटले तेव्हा निष्कर्ष निघाला, की ही बाई आतून सगळी कातळच दिसते.

खरं म्हणजे विहिरीवरच्या बायकांची मला एवढी भीती नव्हती. भीती होती ती माझ्या थोरल्या जावेची, वहिनींची.

आमची दोन घरं शेजारी शेजारी. मध्ये गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची कमरेएवढी भिंत, आणि त्या गडग्यात एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. 'एक माणूस' म्हणजे वहिनींसारखा. मी जाताना दगड हलायचे. वहिनी सत्तरीच्या, काटकीसारख्या बारीक, जेवायच्या माझ्या दुप्पट आणि अंगाला काही लागायचं नाही. मी त्यांच्या पडवीत पाऊल टाकलं की म्हणायच्या, "ये गो, आता पडवी भरली. दुसरं कोण नको."

हे बोलणं आम्हा दोघींना परवडायचं, कारण त्याआधीची अकरा वर्षं आम्ही एका शब्दानेही बोललो नव्हतो. गडग्यावर एक काजूचं झाड आहे. खोड कोणाचं आणि आमच्या अंगणात पडलेल्या बिया कोणाच्या, यावरून थोरले दीर आणि आमचे हे, दोघे सख्खे भाऊ, एकमेकांना नको ते बोलले. पुरुष भांडले आणि पाणी बंद झालं बायकांचं. गडग्यातल्या वाटेत करवंदीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, घातल्या गेल्या. शिमग्यात पालखी दोन्ही घरी यायची, पण आधी तिकडून रस्त्यावर जायची आणि फिरून आमच्याकडे यायची. अख्खं गाव तो वळसा बघायचं. मला तर वाटायचं, देवालाच आमच्यामुळे जास्त चालावं लागतंय.

मग थोरले दीर गेले. तेव्हा आम्ही गेलो, बसलो, करायचं ते केलं, पण ते दुःखातलं जाणं, त्याने अबोला सुटला असं होत नाही. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले, मुलगा मुंबईला कामावर गेला. दुपारी चार वाजता मी अंगणात कपडे गोळा करत होते आणि गडग्यापलीकडून आवाज आला, "कॉफी टाकलीय गो. दोन कप झालीय सवयीने. फुकट जाईल."

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी कपडे तसेच टाकले, काट्या हाताने ओढून काढल्या आणि गेले. दिरांच्या वाटणीची कॉफी मी प्यायले. दाट दुधाची, परसातल्या जायफळाची, आणि गोड अशी की ओठ ओठाला चिकटावा. दुसऱ्या दिवशी चार वाजता परत हाक आली. तेव्हापासून दोन वर्षं एक दिवस खंड नाही. त्यामुळे ती कॉफी काय आहे ते मला ठाऊक होतं. वहिनींचं घर दिवसभर गप्प असायचं. चार वाजले की त्यात माणसाचा आवाज व्हायचा.

आता ऑपरेशननंतरचं ऐका. आहार सांगणारी एक पोरसवदा ताई होती, माझ्या नातीच्या वयाची, पण बोलणं हेडमास्तरांचं. औषधाच्या बाटलीवर असतं तसलं प्लास्टिकचं टोपण माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आजी, हा तुमचा पेला." दर पाव तासाला एक टोपण पाणी. मग काही दिवस ताक, डाळीचं पाणी. जेवण आणि पाणी एकत्र नाही, मध्ये अर्धा तास जायला हवा. घटाघटा काही प्यायचं नाही. साखर बंद.

मी विचारलं, "आणि कॉफी?"

"सहा आठवडे नाही."

"थोडी?"

"आजी, थोडी म्हणजे किती ते मला माहीत आहे. सगळे तेवढीच विचारतात."

पंधरा दिवस लेकीकडे राहून मी घरी आले. आल्या दिवशी चार वाजता हाक आली. मी गडग्यापाशी जाऊन म्हटलं, "आज नको हो वहिनी."

"बरं गो, दमली असशील."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः थर्मास घेऊन आल्या. मी म्हटलं, पित्ताचं ऑपरेशन, दूध चालत नाही. तिसऱ्या दिवशी कोरी कॉफी आली. मी म्हटलं, गरम चालत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी ती गार करून आणली. आता यावर काय सांगणार? मी म्हटलं, "राहू दे वहिनी, आता कॉफी नकोच वाटते."

त्यांनी थर्मासचं झाकण परत घट्ट लावलं. म्हणाल्या, "देवरुखच्या माझ्या मावसबहिणीचे खडे काढले. ती चौथ्या दिवशी कॉफी प्यायली. माझ्यासमोर."

"प्रत्येकीचं वेगळं असतं हो," मी म्हटलं.

"असेल," त्या म्हणाल्या आणि थर्मास उचलून गेल्या.

पुढचे दोन दिवस हाक आली नाही. मला बाई मनातून सुटल्यासारखं झालं. म्हटलं, आता चार आठवडे झालेच, आणखी दोन काढायचे, मग जाऊन बसू पहिल्यासारख्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले आणि बघते तर गडग्यातल्या वाटेत करवंदीची काटी. ताजी तोडलेली, पानांसकट.

मी तशीच तांब्या घेऊन ह्यांच्यापुढे उभी राहिले. "हे काय आहे?"

हे पेपरमध्ये तोंड घालून बसले होते. "कशाचं काय?"

"काटी कोणी घातली?"

मग बराच वेळ पेपरची घडी घालून झाल्यावर निघालं ते असं. मी इस्पितळात होते त्या आठवड्यात वहिनींच्या मुलाने मुंबईहून येऊन मोजणी आणली होती. सरकारी मोजणीदार आला, गडग्याच्या दोन्ही बाजूंनी फिरला, खुणांचे दगड रोवून गेला. ह्यांनी त्या वेळी सही केली, काही बोलले नाहीत, आणि मला सांगितलं नाही. "तुझं बीपी वाढलं असतं," म्हणाले.

"म्हणजे वहिनींना वाटतंय की मोजणीवरून मी कॉफी सोडली?"

"तसंच वाटणार ना. आल्या दिवसापासून नको नको म्हणतेयस."

"आणि हे तुम्हाला कळत होतं?"

"मला वाटलं, तू खरंच रागावलीयस."

पंचेचाळीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर. मला जी गोष्ट माहीतच नाही, तिच्यावर मी रागावले आहे असं त्यांना वाटलं, आणि माझी समजूत घालायला नको म्हणून ते पेपर वाचत बसले. असो. शिमगा बारा दिवसांवर आला होता. पालखी पुन्हा वळसा घालून येणार, गाव बघणार, हे मला दिसायला लागलं. पण खरं सांगू? पालखीपेक्षा मला चार वाजताचं ते पलीकडचं घर दिसत होतं. काटी घालून वहिनी आत एकट्या बसल्या असतील, आणि सवयीने दोन कप टाकले गेले तर दुसऱ्याचं काय करत असतील?

आता कोणीही शहाणी बाई सरळ जाऊन खरं काय ते सांगेल. मी शहाणी नव्हते. पोट कापलं तरी त्यातली लाज काही डॉक्टरांनी काढली नव्हती. मी विचार केला, एक पेला कॉफीच प्यायची आहे ना? पिऊन टाकू. भांडणही मिटेल आणि गुपितही राहील. त्या ताईने सहा आठवडे सांगितलेत, आपले चार तर झालेत. डॉक्टर लोक जरा वाढवूनच सांगतात.

चार वाजता मी रस्त्याने फिरून वहिनींच्या पडवीत गेले आणि म्हटलं, "कॉफी टाका हो."

त्यांनी मान वर केली नाही. "चालते काय आता?"

"चालते."

त्या आत गेल्या. जायफळ किसल्याचा आवाज आला. मोठ्या पितळी पेल्यातून कॉफी आली, काठोकाठ, आणि माझ्यासमोर पेला ठेवून त्या उभ्याच राहिल्या. बसल्या नाहीत. पोलिसाने जबाब घ्यावा तशा उभ्या. मी पेला उचलला आणि पूर्वीसारखी चार घोटांत संपवली.

पहिली दोन मिनिटं काही नाही. वहिनींचा चेहरा सैल झाला, त्या खाली बसल्या, "काजू यंदा बरा आलाय," म्हणाल्या. आणि मग माझ्या छातीत कोणीतरी बोळा कोंबल्यासारखं झालं. कपाळावरून घाम ओघळायला लागला, काळीज धाडधाड उडायला लागलं, पडवीचे वासे फिरायला लागले. मी कशीबशी पायरीपर्यंत गेले आणि ती सगळी कॉफी वहिनींच्या अबोलीच्या झाडाला घातली. मग तिथेच सारवलेल्या जमिनीवर आडवी झाले.

वहिनी ओरडल्या, "अगो बाय! काय झालं गो? मी काय नाय घातलं त्यात! देवाशपथ दूध, साखर आणि जायफळ!"

मला बोलता येईना. मी नुसता हात हलवला. त्यांना वाटलं, मी शेवटचा निरोप घेते.

"अगो मोजणी झाली आणि तू माझ्या पडवीत मेलीस, तर लोक म्हणतील काय मला? ऊठ गो! मरायचं तर तुझ्या पडवीत जा!"

अशा अवस्थेतही मला हसू आलं, आणि हसल्यावर टाक्यांच्या जागी अशी कळ गेली की डोळ्यात पाणी आलं. ते बघून वहिनी रडायला लागल्या. मग मला सांगावंच लागलं. आडवी पडूनच सगळं सांगितलं. खडे नव्हते, पोट कापलं, मोठा भाग काढून टाकला, डॉक्टर म्हणाले आता केळ्याएवढं उरलंय.

वहिनींनी पदराने नाक पुसलं. मग म्हणाल्या, "कुठलं केळं?"

"म्हणजे?"

"वेलची की राजेळी? दोघांत केवढा फरक हाय."

हे मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. घाटावरचे डॉक्टर, त्यांच्या डोळ्यासमोर कुठलं केळं होतं कोणास ठाऊक. "मधलं असेल," मी म्हटलं.

"आणि त्यात तू माझा अख्खा पेला ओतलास?"

"ओतला."

"मूर्ख गो तू," त्या म्हणाल्या, आणि इतकं प्रेमाने मला लग्नानंतर कोणी मूर्ख म्हटलं नव्हतं. पण लगेच त्यांचा आवाज बदलला. "मला का नाय सांगितलंस? मी हसले असते म्हणून?"

"होय."

"हसलेच असते. चार दिवस हसले असते. पाचव्या दिवशी तुझ्यासाठी डाळीचं पाणी केलं असतं. तू मला चार दिवस नको नको म्हणून परत पाठवलंस, ते बरं काय?"

मग मोजणीचंही त्यांनीच सांगितलं. मुलाला घराला लागून न्हाणीघर बांधायचं होतं, कारण पावसात मागल्या दारी जाताना त्या दोनदा घसरल्या होत्या. बांधकामाला कागद लागतो म्हणून मोजणी. काजूचं झाड कोणाच्या हद्दीत आलं ते त्यांनी विचारलंही नव्हतं. "विचारून काय करू? दात आहेत काय काजू खायला?"

संध्याकाळी लेकीला फोन केला, तिने डॉक्टरांना. त्यांनी सांगितलं, गोड आणि घाईने प्यायल्यामुळे झालं, पडून राहा, दुखत राहिलं तर लगेच या. दुखत राहिलं नाही. लेक मात्र मला अर्धा तास बोलत होती आणि वहिनी शेजारी बसून "बरोबर बोलते, बरोबर बोलते," म्हणत होत्या. जाताना मी बघितलं, काटी त्यांनी आधीच काढून टाकली होती. ह्यांनी ती उचलून लांब घरामागच्या परड्यात नेली, तेवढंच प्रायश्चित्त.

सहा आठवडे पुरे झाल्यावर ताईने परवानगी दिली. पातळ, बिनसाखरेची, कोमट, हळूहळू. वहिनींनी फोनवर स्वतः सगळं ऐकून घेतलं आणि चार वाजता मी गेले तेव्हा पाटावर काय मांडून ठेवलं होतं? चांदीचं बोंडलं. ज्याने त्यांनी आपल्या मुलाला दूध पाजलं ते, इवलंसं, चोचीचं. "टोपणाएवढ्या मापाचं तेवढंच सापडलं," म्हणाल्या. बासष्ट वर्षांची बाई, नातवंडांची आजी, मी बोंडल्याने कॉफी प्यायला बसले आणि वहिनींनी माझ्या हनुवटीखाली फडकं धरायचं तेवढं बाकी ठेवलं.

पहिला घोट घेतला. जिभेवर घोळवला. आणि बघा, मला ती आवडली नाही. जळकट लागली, जायफळाचा वास नाकात चढला. ताई म्हणाली होती की कोणाकोणाची चव बदलते, पण माझी बदलेल असं मला वाटलं नव्हतं. वहिनी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. जुनी मी असते तर 'वा' म्हणून बोंडलं संपवलं असतं. पण एकदा त्यांच्या पडवीत आडवी पडून झालं होतं ना.

"वहिनी, नाही हो आवडत आता."

"अजिबात?"

"अजिबात."

त्यांनी माझ्या हातातून बोंडलं घेतलं, त्यातली उरलेली कॉफी स्वतःच्या कपात ओतली. मी घाबरून बघत राहिले. त्या म्हणाल्या, "मग तू नुसती बस. कॉफी मी पिते."

आता मी रोज चारला जाते आणि काही न घेता बसते. मी निदान चाळीस किलो हलकी झाले आहे, गडग्यातले दगड आता हलत नाहीत. पूर्वी कॉफी संपली की मी उठायची, दहा मिनिटांत. आता संपायला माझ्या हातात काही नसतंच, त्यामुळे सहा कधी वाजतात कळत नाही.

परवा खालच्या वाडीतली एक बाई विळा मागायला आली. पडवीत आम्ही दोघी आणि एकच कप. तिने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून वहिनींना विचारलं, "काय झालं काय तुमच्यात?"

"होय गो," वहिनी म्हणाल्या, "रोज चारला येते भांडायला."

ती विळा घेऊन गेली. आज संध्याकाळपर्यंत गावभर होणार, मी म्हटलं.

"होऊ दे. मी कुठपर्यंत सांगत होते?"

"मोजणीदार आला, उन्हातून आला, तुम्ही त्याला कॉफी विचारलीत."

"हां. जायफळ घालून केली, बशीत बिस्किटं ठेवली," वहिनी कप खाली ठेवून माझ्याकडे सरकल्या, "आणि तो मेला मला म्हणतो, नको."